रथचक्रापासून विमानापर्यंत

सह्याद्रीच्या कुशीत रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी अकोले व संगमनेर ओलांडून पूर्वेकडे वाहत जाते आणि नेवाशाच्या पुढे गोदावरीस मिळते. याच नदीच्या काठी नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच प्रवाहाच्या वरच्या अंगास, श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद नावाचे एक लहानसे ठिकाण आहे; त्याचे नाव मात्र शाळेतील मुलांच्या कानी क्वचितच पडते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजेच २०२४ पर्यंत ज्यास अहमदनगर म्हणत त्या जिल्ह्याच्या, भूमीत दडलेले एक अपूर्व धन येथेच उजेडात आले.

१९५८ साली या ठिकाणची प्राचीन वसाहत पुरातत्त्ववेत्त्यांच्या लक्षात आली आणि पुढे १९७९ पर्यंत अधूनमधून येथे उत्खनने झाली. १९७४ साली एक शेतकरी एका झुडपाच्या बुडाशी खणत असता त्याला धातूच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि चौथा एक रथ! रथाची लांबी ४५ सेंटिमीटर. त्याला दोन बैल जुंपलेले असून आत १६ सेंटिमीटर उंचीचा सारथी ताठ उभा आहे. गेंडा आणि रेडा यांच्या बैठकींनाही चाके आहेत. हत्तीची चाके मात्र काळाच्या ओघात नाहीशी झाली. या वस्तू उत्खननातील थरांत न सापडता अशा अवचित हाती आल्यामुळे त्यांच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळात त्या घडल्या असाव्यात, असे अनेकांचे मत आहे. आज जेथे उसाचे मळे डोलतात, तेथील माणसांना गेंडा ठाऊक होता, ही गोष्टही काही कमी नवलाची नाही!

परंतु या प्रतिमांत सर्वांत बोलके आहे ते चाक. ही चाके भरीव आहेत. त्यांना आरे नाहीत. जगात चाकाचा उपयोग सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी सुरू झाला, असे उपलब्ध पुराव्यांवरून दिसते. त्यापूर्वी माणूस ओझे डोक्यावर वाहत असे, जनावराच्या पाठीवर लादत असे, नाही तर जमिनीवरून फरफटत नेत असे. चाक आले आणि धान्य, लाकूड, दगड, मडकी दूरवर जाऊ लागली. गावास गाव जोडले गेले, बाजार भरू लागले, नगरे वाढली. चाकही मग पहिल्यासारखे राहिले नाही. भरीव चाक जड म्हणून त्यातील लाकूड कमी करून आरे बसविले गेले. पुढे लाकडी आऱ्यांच्या जागी सायकलच्या चाकात बारीक पोलादी तारा आल्या. चाक हलके होत गेले आणि माणसाचा वेग वाढत गेला.

जमिनीवर असा वेग वाढत असताना माणसाचे डोळे आकाशाकडे लागलेलेच होते. आपल्याकडे गरुडाच्या आणि पुष्पक विमानाच्या कथा रचल्या गेल्या. ग्रीक लोकांनी मेणाने पिसे चिकटवून उडणाऱ्या इकॅरसची कथा सांगितली. सूर्याच्या जवळ जाताच मेण वितळले आणि तो समुद्रात कोसळला. कल्पनेने जे साधले, ते शरीराला साधेना. पक्ष्यांप्रमाणे पंख बांधून उंचावरून उड्या टाकणाऱ्या अनेकांचे हातपाय मोडले, काहींचे प्राणही गेले. पक्ष्याची हाडे पोकळ व हलकी असतात आणि छातीचे स्नायू शरीराच्या मानाने फार बळकट असतात. माणसाच्या दंडात तेवढे बळ नाही. केवळ पक्ष्याचे अनुकरण करून उडता येणार नाही, हे कळण्यास शतके लागली.

१७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेने फुगविलेला मोठा फुगा आकाशात सोडला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा यांनी अशा फुग्यातून प्रवास केला आणि २१ नोव्हेंबरला दोन माणसे पॅरिसवरून उडत गेली. माणूस आकाशात पोहोचला खरा. परंतु वारा नेईल तिकडे जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. वाऱ्याच्या मर्जीने तरंगणे वेगळे आणि स्वतःच्या इच्छेने उडणे वेगळे.

हवेहून जड असे यंत्र कसे उडेल, याचे उत्तर खरे पाहता प्रत्येक मुलाच्या हातातील पतंगात आहे. पतंग वाऱ्यासमोर किंचित तिरपा धरला की तो हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. वारा नसेल तर मुले दोर धरून धावतात. म्हणजे वारा पतंगाकडे येत नाही, तर पतंगच हवेतून पुढे ओढला जातो. विमानाचे पंखही मुळात हेच काम करतात. इंग्लंडमधील जॉर्ज केली याने १७९९ सालीच हे ओळखले की, उचलणारा पंख आणि पुढे ढकलणारे यंत्र ही दोन वेगवेगळी अंगे असावीत. पक्ष्याप्रमाणे एकाच पंखाने दोन्ही कामे करण्याचा हट्ट सोडावा. पुढे जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने स्वतः बांधलेल्या पंखांच्या साहाय्याने टेकडीवरून सुमारे दोन हजार वेळा तरंगत उड्डाणे केली. प्रत्येक उड्डाणातून तो काही शिके आणि लिहून ठेवी. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्याचा तोल गेला, तो खाली पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला.

ही वार्ता अमेरिकेतील डेटन गावी विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या दोघा भावांनी वाचली. त्यांचा धंदा सायकली बनविण्याचा व दुरुस्तीचा. सायकलस्वार वळताना एका अंगास कलतो, हे ते रोज पाहत. विमानासही असेच कलता आले पाहिजे, आणि त्याचा तोल सांभाळणे उडविणाऱ्याच्या हाती असले पाहिजे, हा विचार त्यांना सुचला. इतर लोक अधिक बळकट यंत्राच्या शोधात होते. हे दोघे तोलाच्या शोधात होते. १८९९ साली त्यांनी प्रथम एक मोठा पतंग करून पाहिला. पुढे माणसास नेणारी, यंत्र नसलेली विमाने बांधली. १९०१ साली केलेले विमान हिशेबाप्रमाणे जेवढे उचलले जावे तेवढे उचलले जाईना. तेव्हा निराश झालेल्या त्या भावांनी पूर्वीच्या लोकांची कोष्टके बाजूस ठेवली. लाकडाची एक लांब पेटी करून तीत पंख्याने वारा सोडला आणि सुमारे दोनशे निरनिराळ्या आकारांचे छोटे पंख तीत ठेवून प्रत्येकावर वारा किती जोर लावतो, हे मोजले. या पेटीपाशी घालविलेल्या दिवसांचे वर्णन गोष्टींच्या पुस्तकांत सहसा येत नाही; कारण तेथे कोणी उडत नव्हते. विमानाचा जन्म मात्र बराचसा तेथेच झाला.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक गावाजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावर त्यांचे यंत्र सज्ज झाले. त्याच्या पंख्यांना गती देण्यासाठी सायकलप्रमाणेच साखळ्या लावलेल्या होत्या. विमानाला स्वतःची चाके नव्हती. लाकडी रुळावरून धावणाऱ्या एका लहान गाड्यावर ते ठेवले होते आणि त्या गाड्याची चाके सायकलच्या तुंब्यांपासून बनविली होती! ऑर्व्हिल विमानावर पालथा पडला, यंत्र सुरू झाले, विमान रुळावरून धावले आणि उचलले गेले. बारा सेकंदांत ते १२० फूट गेले. त्या दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. थोड्याच वेळाने वाऱ्याच्या सोसाट्याने ते विमान उलटेपालटे होऊन मोडले आणि पुन्हा कधीही उडाले नाही. परंतु पाच माणसांनी ते उड्डाण डोळ्यांनी पाहिले होते, पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र घेतले गेले होते आणि भावांच्या वह्यांत मोजमापे नोंदलेली होती.

येथे आपल्या महाराष्ट्रातील एका नावाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांना विमानविद्येचा ध्यास होता. त्यांनी १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, चौपाटीवर एक विमान उडविले, अशी कथा आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती ऐकून कोणाही मराठी मुलाची छाती फुगेल. परंतु त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, मोजमापे नाहीत आणि विश्वासार्ह समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. या कथेबरोबर ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचे नाव घेतले जाते, त्याची तपासणी १९७४ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपदे यांचा ध्यास खरा होता, त्याविषयी आदर असावा. त्या उड्डाणास मात्र पुराव्यावाचून इतिहासात जागा देता येत नाही. ज्या १९७४ साली या कथेची अशी परीक्षा झाली, त्याच साली दायमाबादचा रथ मातीतून वर आला, हाही एक योगच!

राइट बंधूंच्या उड्डाणानंतर अवघ्या सात-आठ वर्षांत विमान भारतात आले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबाद, म्हणजे आताचे प्रयागराज, येथून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. विमानाने टपाल नेण्याचा जगातील हा पहिला अधिकृत प्रसंग होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आपले छोटे विमान उतरविले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला.

नगरच्या भूमीचा या विद्येशी संबंध पुढे वेगळ्याच वाटेने आला. येथे लष्करी वाहनांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. रणगाडे, मालमोटारी यांसारखी जमिनीवर चालणारी वाहने हा तिचा मुख्य विषय. परंतु ‘निशांत’ नावाच्या वैमानिकरहित विमानासाठी भारतात जे एंजिन तयार झाले, त्याच्या घडणीत बंगळूरच्या दोन संस्थांबरोबर नगरच्या या संस्थेचाही हात होता. हे एंजिन ५५ अश्वशक्तीचे होते. नेहमीच्या एंजिनात दट्ट्या पुढेमागे सरकतो. यात मात्र त्रिकोणी आकाराचा भाग कोठीत सतत फिरत राहतो. चाकाच्याच कुळातली ही करामत म्हणावयाची! २००९ साली कर्नाटकातील कोलार येथे हे एंजिन बसविलेले ‘निशांत’ आकाशात उडाले. गंमत अशी की, ‘निशांत’लाही धावण्यासाठी चाके नव्हती. राइट बंधूंच्या विमानाप्रमाणे तेही रुळावरूनच सोडले जाई. फरक एवढाच की, हा रूळ एका मोठ्या मालमोटारीवर बसविलेला असे.

पुढे जिल्ह्यात प्रवासी विमानेही येऊ लागली. कोपरगाव तालुक्यातील काकडी गावाच्या माळावर बांधलेल्या शिर्डी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. त्या वेळी तेथील धावपट्टी २५०० मीटर लांबीची होती. किटी हॉकचे पहिले उड्डाण तिच्यावर सुमारे अडुसष्ट वेळा मावले असते! तरीही आकाशाचा कायदा येथेही चुकला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात पुरेसे स्पष्ट दिसत नसल्यामुळे या विमानतळावरील विमाने कित्येक दिवस रद्द करावी लागली. लिलिएन्थालला वाऱ्याने अडविले, येथे धुरकट हवेने अडविले. उपाय मात्र त्याच मार्गाने शोधावे लागतात: किती अंतरावरचे दिसते हे मोजणे, दिवे लावणे, वैमानिकास वाट दाखविणारी साधने बसविणे आणि तोवर विमान जमिनीवर उभे ठेवणे.

दायमाबादच्या त्या सारथ्याच्या समोर दोन बैल आहेत. काकडीस विमान उतरते तेव्हा वैमानिकाच्या समोर काचेच्या तबकड्या आणि आकडे असतात. पण विमान धावपट्टीस टेकते ते चाकांवरच, आणि टेकताक्षणी रबराचा किंचित धूर उडतो.