मानेवरची न दुखणारी गाठ

आंघोळ घालताना पोराच्या जबड्याखाली गाठ हाताला लागते. दुखत नाही, ताप नाही, पोर उड्या मारतंय. आपण सगळेच म्हणतो, सर्दीचं अवधाण असेल, बसेल. कामाच्या रगाड्यात आठवडे निघून जातात.

मग वरची कातडी जांभळट होते आणि काळजात धस्स होतं. टीबी! नातेवाइकांना कळू नये म्हणून आपण पोराला गळाबंद सदरा चढवतो. ते काही विचारत नाही, पण आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे एवढं त्याला कळतं. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

आपल्याकडे अशी गाठ पुष्कळदा टीबीची निघते, तेव्हा ती तपासणी आधी हवीच. पण टीबीच्या जंतूंचे भाऊबंद माती-पाण्यातही राहतात आणि पाच वर्षांखालच्या धडधाकट मुलांच्या मानेत गाठ आणतात. आपल्या तमिळनाडूत ते जुनेच. चेंगलपट्टूला 1968 साली सुरू झालेल्या चाचणीत बीसीजी लशीने मोठ्यांचा फुप्फुसाचा टीबी रोखला नाही, तेव्हा या जंतूंशी आधीच आलेला संबंध हे एक कारण मानलं गेलं. (बाळांना बीसीजी द्यायचीच, मेंदूच्या टीबीपासून ती वाचवते.)

घोळ असा, की सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू आणि हे भाऊबंद सारखेच दिसतात. मॅन्टू ही कातडीवरची चाचणी दोन्हींत उठू शकते. जीनएक्सपर्ट चाचणी फक्त टीबीचे जंतू ओळखते, आणि गाठीत ते थोडे असले तर तेही निसटतात. निवाडा बहुधा कल्चरवर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून होतो, आणि त्याला सहा आठवडेही लागतात. म्हणून तंजावरच्या राजा मिरासदार इस्पितळात जा की खासगी दवाखान्यात, नमुन्यासाठी सुई टोचण्याआधीच विचारूया, ‘नमुना कल्चरलाही जाईल ना?’ सगळा फॉर्मॅलिनमध्ये पडला, की कल्चर होत नाही.

नुसती चीर देऊन पू काढायचा आग्रहही नको. माती-पाण्यातल्या जंतूंची गाठ असेल, तर ती जखम महिनोन्महिने वाहत राहू शकते. अशी गाठ बऱ्याचदा अख्खी काढतात.

तंजावरच्या सरफोजीराजांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसकट आपल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. आपणही गाठीचा फोटो तारखेसह ठेवूया. डॉक्टरांना फार उपयोग होतो.

आणि पोराला खरं सांगा: टोचेल, पण मी हात धरून बसेन.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील, तर अहवाल काहीही येवो, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय त्या बंद करू नका.