सोलर बसवतेयस ना? मग एवढं ऐक

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, पॅनल बनवतानाच एवढं प्रदूषण होतं, मग बसवून उपयोग काय?" शंका रास्त आहे. पण अर्धवट ऐकून बेत मोडू नकोस.

छतावरच्या पॅनलमधून धूर निघत नाही, हे खरं. पण ते तयार होताना निघतो. गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत घालून सिलिकॉन काढतात. ते शुद्ध करतात, पुन्हा १४०० अंशांच्या वर वितळवतात, मग त्याच्या पातळ चकत्या कापतात. जगातली बहुतेक पॅनल चीनमध्ये बनतात आणि तिथली निम्म्याहून जास्त वीज कोळशाची. त्यात काच आणि ॲल्युमिनियमची चौकट आलीच.

आता हिशेब बघ. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २०१४ च्या अहवालात, बनवण्यापासून मोडीत काढेपर्यंतचं सगळं धरून, छतावरच्या सौर विजेचा मध्यम आकडा युनिटमागे ४१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. कोळशाच्या विजेचा ८२० ग्रॅम. म्हणजे विसावा हिस्सा! बनवताना खर्च झालेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात साधारण वर्ष-दीड वर्षात वसूल होते आणि पॅनल पुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं.

म्हणून सांगते, सगळी मदार त्या वीस-पंचवीस वर्षांवर आहे. चार पैसे वाचतात म्हणून हलका माल घेऊ नकोस. शेजारच्या टाकीची सावली दिवसभरात कुठे कुठे पडते, ते आधी बघून घे; एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज घटते. धूळ सकाळी लवकर, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पूस. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नकोस, तडा जाऊ शकतो.

आणखी एक. दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या नेट मीटरमुळे बिल शून्यावर आलं, तरी रात्रीची वीज ग्रिडवरूनच येते आणि ती बरीचशी कोळशाचीच असते. तेव्हा पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं अकरा ते तीनमध्ये उरकून घे. बिल शून्य आलं म्हणून एसी रात्रभर सोडू नकोस.

सोलर बिनधास्त बसव, बाळा. फक्त चांगलं बसव, जपून वापर आणि पंचवीस वर्षं टिकव.