लोहाची गोळी आणि मळमळ

प्रश्न : चौथ्या महिन्यापासून उपकेंद्रातली लाल गोळी घेते; मळमळते, शौचासही काळे होते. बंद करू का? (एक भगिनी, घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : भगिनी, गोळी परस्पर बंद करू नये. तिच्यातील ६० मिलिग्रॅम लोह रिकाम्या जठरास क्षोभ देते, म्हणून ती रात्री जेवणानंतर, निजण्यापूर्वी घेतल्यास मळमळ बहुधा सुसह्य होते. लोहाचे शोषण रोखणारा चहा व कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यापासून दोन तास दूर ठेवावीत. लोहामुळे मल काळा होणे निरुपद्रवी आहे. तरीही सोसेनासे झाल्यास डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचा आढळ असल्याने ती तपासणी राहिली असेल, तर याच आठवड्यात करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पोटात पाणीही ठरेनासे झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.