ट्रेलरच्या ब्रेकची दोरी कुणाच्या हाती?

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, सध्या मेलबर्नला राहतो. घरच्या गॅरेजमध्ये कॅम्पिंगसाठी ट्रेलर बांधतो आहे. चौकोनी पाइपची चासी वेल्ड करून झाली, ॲक्सल अजून घ्यायचा आहे. तंबू, पाण्याची टाकी, बॅटरी, स्वयंपाकाचं सामान असं सगळं धरून वजन १,४०० किलोच्या आसपास जाईल. ओढायला डिझेलची फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. व्हिक्टोरियातल्या डोंगरात कच्च्या वाटांवर फिरायचं आहे, पुढे कधीतरी गिब रिव्हर रोडही करायचा आहे. ब्रेकबद्दल मात्र प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी ओव्हरराइड घे म्हणतं, कुणी इलेक्ट्रिक, कुणी डिस्क. मी काय घेऊ?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : ॲक्सल घेण्याआधी विचारलंत, हे उत्तम केलंत. ब्रेक ॲक्सलवरच बसतात, त्यामुळे ही दोन्ही खरेदी एकत्र ठरवायची असते.

सुरुवात कायद्यापासून करू. ऑस्ट्रेलियात ब्रेकचा नियम ट्रेलरच्या चाकांवर येणाऱ्या वजनावरून ठरतो. हे वजन ७५० किलोपर्यंत असेल, तर एका ॲक्सलच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. त्यापुढे २,००० किलोपर्यंत किमान एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. २,००० किलोच्या वर गेलात की सर्व चाकांना ब्रेक लागतात, ते चालकाला गाडीत बसून लावता आले पाहिजेत आणि ट्रेलर गाडीपासून तुटला तर आपोआप लागले पाहिजेत. तुमच्या १,४०० किलोंपैकी साधारण दहावा भाग गाडीच्या टोबॉलवर येईल, म्हणजे चाकांवर सुमारे १,२६० किलो उरतील. तुम्ही मधल्या गटात आहात. ब्रेक बंधनकारक आहेत, पण कोणत्या प्रकारचे घ्यायचे हे तुम्ही ठरवू शकता. रजिस्ट्रेशनचे आजचे नियम तुमच्या राज्याच्या वाहन विभागाकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

आता ब्रेकला किती काम पडणार ते पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारा तुमचा ट्रेलर एकदा थांबवायचा तर सुमारे ३.५ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. ती सगळी उष्णता होऊन ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये शिरते. माउंट हॉथमहून हॅरिएटव्हिलला उतरणारा रस्ता तुम्ही पाहिला असेल. साधारण ३० किलोमीटरमध्ये तो १,२०० मीटरहून जास्त खाली येतो. तेवढ्या उतारात १,४०० किलोंच्या ट्रेलरची जी ऊर्जा मोकळी होते, ती ८० च्या वेगातून ४७-४८ वेळा थांबण्याइतकी असते. इंजिनाने आणि वाऱ्याने त्यातला मोठा वाटा उचलला, तरी उरलेली उष्णता थोडी नसते. डोंगरात ब्रेक निकामी होतात ते बहुधा तापून. म्हणून ब्रेक किती जोरात लागतात याइतकंच, ते कधी लागायचे आणि कधी सुटायचे हे कोण ठरवतं, यालाही महत्त्व आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी याच कसोटीवर देणार आहे.

ओव्हरराइड ब्रेक : गाडीने वेग कमी केला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने हिचमधला दांडा मागे सरकतो आणि केबल किंवा ऑइलचा दाब ब्रेक लावतो. वायर नाही, गाडीत कंट्रोलर नाही. ट्रेलर कुठल्याही गाडीला जोडा, ब्रेक चालतात. किंमतही कमी. सपाट डांबरी रस्त्यावर ही पद्धत नीट काम करते आणि २,००० किलोपर्यंत कायद्याला मान्य आहे.

डोंगरात मात्र तिची अडचण होते. तुम्ही लो गिअर टाकून सावकाश उतरत असता तेव्हा ट्रेलर सतत रेटत असतो, त्यामुळे त्याचे ब्रेक संपूर्ण उतारभर घासत राहतात. तुम्हाला ते सोडवता येत नाहीत. उलट चढावर गाडी बंद पडली तर दांडा ताणलेला असतो, ट्रेलरचे ब्रेक लागतच नाहीत आणि दोघांचं वजन एकट्या गाडीच्या ब्रेकवर येतं. मागे घेताना तर ब्रेक लागू नयेत म्हणून वेगळी खीळ घालावी लागते. शिवाय खडबडीत वाटेवर ट्रेलर सर्व बाजूंना वळू शकेल अशी जी ऑफ-रोड हिच लागते, त्यात ओव्हरराइडसाठी पर्याय फार थोडे.

इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक : प्रत्येक चाकात एक विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटतो, ड्रमसोबत थोडा ओढला जातो आणि त्याला जोडलेली पट्टी लायनर बाहेर दाबते. वीज किती द्यायची ते गाडीतला कंट्रोलर ठरवतो. कंट्रोलरवर हाताने चालवायची कळ असते, ती दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात.

घसरड्या उतारावर या कळीची खरी किंमत कळते. नुसते गाडीचे ब्रेक दाबले तर ट्रेलर गाडीच्या मागच्या भागाला बाजूला ढकलतो आणि दोघं काटकोनात दुमडतात. ट्रेलरला आधी हलका ब्रेक दिला तर तो गाडीला मागे ताणून धरतो आणि दोन्ही वाहनं एका रेषेत राहतात. मोठ्या रस्त्यावर ट्रेलर डुलायला लागला तरी हीच कळ त्याला सरळ करते. मात्र मातीवर जोर कमी करून ठेवा, कारण जाम झालेलं चाक स्वतःच घसरत बाजूला जातं.

इलेक्ट्रिक ड्रमच्या उणिवाही सांगतो. वाळू, चिखल आणि खडे आत शिरतात, चुंबकाचं तोंड आणि लायनर झिजतात. ड्रममध्ये पाणी गेलं की कोरडं होईपर्यंत ब्रेक मऊ लागतो. मागे जाताना पकड कमी असते. आणि चाक फिरल्याशिवाय पट्टी ओढली जात नसल्यामुळे उभा ट्रेलर धरून ठेवायला ते कामाचे नाहीत. त्यासाठी केबलचा हँडब्रेक असलेलाच सेट घ्या. कॅम्पची जागा क्वचितच सपाट असते.

इलेक्ट्रिक-हायड्रॉलिक डिस्क : इथे ट्रेलरवर छोटा पंप बसतो. कंट्रोलरचा इशारा मिळाला की तो ऑइलचा दाब तयार करतो आणि कॅलिपर डिस्क पकडतात. डिस्क उघडी असल्याने पाणी लगेच झटकते, लवकर थंड होते, पकडही एकसारखी. हा पर्याय उत्तम आहे, पण महाग. पंप, नळ्या, ऑइल, कॅलिपर असे भाग वाढतात. ट्रेलर महिनोन्‌महिने अंगणात उभा राहिला तर कॅलिपर गंजून अडकतात. दोन टनांच्या पुढच्या ट्रेलरला मी हाच पर्याय सुचवला असता.

तुमच्यासाठी माझा कौल इलेक्ट्रिक ड्रमला आहे, हँडब्रेकसह. १,४०० किलोंना तो पुरेसा आहे, त्याची दोरी चालकाच्या हाती राहते आणि आडरानात तो दुरुस्त होतो. जादा चुंबक, लायनरचा जोड आणि बेअरिंगचा सेट डब्यात असेल तर हब उतरवून साध्या पान्यांनी काम भागतं. सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडवर गॅरेजं फार दूर दूर आहेत.

आता माप. दीड टनापर्यंतच्या ॲक्सलला सहसा १० इंची ड्रम देतात. पण ट्रेलरला गाडीचीच मोठी चाकं लावायची असतील तर हिशोब बदलतो. ब्रेकचा पीळ तोच राहतो, पण टायर मोठा झाला की जमिनीवरची पकड त्याच प्रमाणात घटते. २६ इंची टायरच्या जागी ३१ इंची लावला तर रोखण्याची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. मोठी चाकं घेणार असाल तर १२ इंची ड्रमच घ्या. १० इंची ब्रेकच्या पाटीला बहुधा ४ बोल्ट असतात, १२ इंचीला ५. म्हणून ॲक्सलवर फ्लँज वेल्ड होण्यापूर्वी हे ठरलं पाहिजे. रिममध्ये ड्रम बसतो का, तेही प्रत्यक्ष मोजून बघा.

कंट्रोलर असा घ्या की जो गाडी किती जोरात थांबते आहे ते ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक देईल आणि कच्च्या वाटेवर जोर तुम्हाला हाताने ठरवू देईल.

वायरिंगमध्ये काटकसर नको. १२ व्होल्टवर एक चुंबक सुमारे ३ अँपिअर घेतो, दोन मिळून ६. दोन्ही चुंबकांचा एकत्रित रोध जेमतेम २ ओहम भरतो. बारीक वायर आणि गंजके जोड यांनी त्यात अर्ध्या ओहमची भर घातली, तर पाचवा हिस्सा व्होल्टेज वाटेतच संपतं आणि ब्रेक तेवढा कमी लागतो. जाड वायर वापरा. अर्थिंग चासीच्या भरवशावर सोडू नका, प्लगपर्यंत वेगळी तार ओढा. ऑस्ट्रेलियातल्या ७ पिनी प्लगमध्ये ब्रेकची निळी वायर पाचव्या पिनेवर येते. चुंबकाकडे जाणारी वायर रबरी नळीत घालून सस्पेन्शनच्या मागच्या बाजूने बांधा, नाहीतर पहिलीच फांदी ती तोडेल.

बसवताना डावी आणि उजवी पाटी अदलाबदल होऊ देऊ नका. आखूड लायनरचा शू गाडीच्या दिशेला यायला हवा. नव्या लायनरना आधी रस्त्यावर पुन्हा पुन्हा हलके ब्रेक लावून ड्रमशी बसू द्या, मध्ये थंड होऊ द्या. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ढिलाई काढा. नदी ओलांडण्यापूर्वी हब हाताला सोसवेल इतके थंड होऊ द्या. तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगकडे ओढलं जातं. पलीकडे गेल्यावर थोडं अंतर कळ हलकी दाबून चालवा, लायनर कोरडे होतील. समुद्रकिनाऱ्यावरून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सगळं धुवा.

ट्रेलर तुटल्यास आपोआप ब्रेक लावणारं यंत्र तुमच्या वजनाला सक्तीचं नाही. तरीही छोट्या बॅटरीसह ते बसवा, असा माझा आग्रह आहे. घरी केलेल्या वेल्डिंगवर तुमचा कितीही विश्वास असो, मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसांना त्याची कल्पना नसते.

शेवटी एक विनंती. सगळं बसवून झालं की टाकी पाण्याने भरून, सामान लादून ट्रेलर आधी वजनकाट्यावर न्या. मग कुटुंबाला घरी ठेवून, रहदारी नसलेल्या उतारावर लो गिअरमध्ये तो उतरवून बघा. खाली पोचल्यावर दोन्ही हब किती तापले ते पाहा. दोन्ही सारखे तापले असतील, तर ब्रेक दोन्हीकडे सारखे लागत आहेत. एक गरम आणि दुसरा थंड असेल, तर तो दोष निघेपर्यंत सहलीची तारीख ठरवू नका.