कोडही कळतो, लिहायलाही आवडतं? हे क्षेत्र तुमचंच!

‘मुलीला प्रोग्रॅमिंग जमतं, पण तिचा ओढा लेखनाकडे आहे. दोन्हींचा मेळ कुठे बसणार?’ अशी काळजी करणाऱ्या पालकांनी सॉफ्टवेअर डॉक्युमेंटेशन या क्षेत्राची माहिती जरूर घ्यावी.

काम नेमकं काय?
पायथनचंच उदाहरण घ्या. या भाषेबरोबर तारखा, फाइल, नेटवर्क अशा कामांसाठी तयार मॉड्यूल्सचा मोठा संच मिळतो. कोणत्या फंक्शनला काय द्यायचं, त्यातून काय मिळतं, कोणती एरर येऊ शकते, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं असतं. फंक्शन बदललं की नोंद बदलायची आणि बदल कोणत्या आवृत्तीपासून झाला तेही नमूद करायचं. ‘सीजीआय’ आणि ‘टेलनेटलिब’ ही जुनी मॉड्यूल्स २०२४च्या ३.१३ आवृत्तीतून काढून टाकली गेली. त्याची पूर्वसूचना २०२२च्या ३.११ आवृत्तीपासूनच नोंदीत होती, त्यामुळे प्रोग्रॅमरना पर्याय शोधायला वेळ मिळाला.

काय शिकावं?
पदवी कोणत्याही शाखेची चालू शकते, पण एक प्रोग्रॅमिंग भाषा नीट यायला हवी. सोपं, अचूक इंग्रजी आणि गिटचा सराव हवा. ‘स्फिंक्स’ हे साधनही शिका. पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी तयार झालेलं हे साधन आज लिनक्स कर्नलसाठीही वापरलं जातं. ‘डॉकटेस्ट’ हे मॉड्यूल नोंदीतली उदाहरणं चालवून उत्तरं जुळतात का ते तपासतं, तेही हाताळा.

सुरुवात कशी करावी?
पायथनचा सोर्स कोड गिटहबवर खुला आहे. त्यातल्या ‘डॉक’ फोल्डरमध्ये हे सगळं लेखन असतं. एखादं मॉड्यूल वापरून पाहा. नोंद अपुरी किंवा चुकीची वाटली, तर दुरुस्ती सुचवा. अनुभवी मंडळी ती तपासतात, शंका विचारतात, सुधारणा सांगतात. स्वीकारलेली दुरुस्ती तुमच्या नावावर कायम राहते आणि मुलाखतीत ती दाखवता येते.

पालकांसाठी
ओपन सोर्समधलं असं योगदान बहुतेक वेळा विनामोबदला असतं. पगार मिळतो तो सॉफ्टवेअर कंपन्यांत, ‘टेक्निकल रायटर’ किंवा ‘डॉक्युमेंटेशन इंजिनिअर’ म्हणून. एआय हे काम हिरावून घेईल का, ही शंका रास्त आहे. एआय मसुदा झटपट लिहितो, पण त्यातलं प्रत्येक विधान कोड चालवून पडताळणारा माणूस लागतोच. म्हणून मुलांना केवळ लिहायला नव्हे, तपासायला शिकू द्या. या सुट्टीत एक मॉड्यूल निवडून पहिली दुरुस्ती पाठवायला त्यांना प्रोत्साहन द्या.