ओळखीचा शब्द

मुलांनो, समजा, तालुक्याच्या क्रीडास्पर्धेसाठी तुमची निवड झाली आहे. स्पर्धेचा अर्ज मराठीत आहे. त्यावर अब्बांची सही हवी. अर्जाच्या शेवटी लिहिले आहे, 'माझ्या पाल्याने स्पर्धेत भाग घेण्यास माझी हरकत नाही.' अब्बा विचारतात, "बेटा, मी कशावर सही करतो आहे?" तुम्ही काय सांगाल?

'हरकत' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. पण तो अर्थ येथे लावला, तर वाक्य जुळत नाही. अशा वेळी अंदाज करू नका. शब्दकोश उघडा. मराठीत 'हरकत' म्हणजे अडथळा किंवा विरोध. 'माझी हरकत नाही' म्हणजे 'माझी परवानगी आहे'. आता अब्बा निश्चिंतपणे सही करतील.

शब्दकोशात शब्द कसा शोधावा? उर्दू शब्दकोश उजवीकडून सुरू होतो, मराठी डावीकडून. मराठी शब्दकोशात आधी स्वर येतात, मग क, ख, ग या क्रमाने व्यंजने. एकाच व्यंजनाने सुरू होणारे शब्द बाराखडीच्या क्रमाने असतात. म्हणून 'कमळ' आधी, 'काम' नंतर आणि 'किल्ला' त्याच्याही नंतर सापडतो.

वाक्यातला शब्द मात्र जसाच्या तसा शोधू नका. 'शाळेत' हा शब्द कोशात मिळणार नाही, 'शाळा' शोधा. 'धावला' मिळणार नाही, 'धावणे' शोधा.

अरबी-फारसीतून अनेक शब्द मराठीत आले आहेत. 'कागद', 'दुकान', 'बाजार' यांचे अर्थ दोन्ही भाषांत सारखेच आहेत. पण काही शब्दांचे अर्थ बदलले.   असे शब्द नीट समजावेत, म्हणून कवी माधव जूलियन, म्हणजेच माधवराव पटवर्धन, यांनी फारसी-मराठी कोश तयार केला. तो १९२५ साली प्रसिद्ध झाला.

अनोळखी शब्दाचा अर्थ आपण कोणाला तरी विचारतोच. ओळखीच्या शब्दाचा अर्थ विचारायचे मात्र राहून जाते आणि तेथेच चूक होते. म्हणून शब्दकोश नेहमी हाताशी ठेवा.

उपक्रम : 'मजकूर', 'जाहीर' आणि 'शिकस्त' या शब्दांचे अर्थ मराठी शब्दकोशात पाहा. त्यांचे उर्दू अर्थ शेजारी लिहा. काय फरक दिसतो, ते वर्गात सांगा.