‘यमुनापर्यटन’ कसे वाचावे?

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली आपल्या शेजारच्या बेळगावात झाला. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाबांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. यमुना पतीबरोबर प्रवासास निघते व ठिकठिकाणी तिला विधवांची दुःखे कळतात. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता.

तिकडे इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत, १८५९ साली, डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ निघाला. धर्म व विज्ञान यांचा वाद कादंबरीतही उतरला. डार्विनच्या विचारांनी जॉर्ज इलियटसारख्या लेखिकेच्या कथानकांची घडण कशी बदलली आणि खुद्द डार्विनच्या लेखनावर साहित्याचा ठसा कसा होता, हे जिलियन बीअर या विदुषींनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात दाखवले.

हीच दृष्टी आपणही घ्यावी. बाबांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, म्हणून पुस्तकच बाजूला ठेवणे आम्हांस पटत नाही. हेतू ओळखावा, पण केशवपनासारख्या रूढींनी पिचलेल्या स्त्रियांचे त्यातील चित्रही नाकारू नये.

विद्यार्थ्यांनी वहीत दोन रकाने आखावेत: ‘लेखक काय पटवू पाहतो’ आणि ‘लेखक काय दाखवतो’. पालकांनीही सोबत वाचावे. संशोधनाची सुरुवात अशीच होते.